डेअरीच्या कॉम्प्युटरची तारीख

आधी केंदूरच्या ताईंबद्दल लिहितो, मग घटनेकडे वळतो. त्यांचं नाव देत नाही. त्या अजून नोकरीत आहेत आणि असलं कौतुक त्यांना आवडत नाही. शिरूरला आमच्या ठाण्यात त्या महिला शिपाई होत्या आणि कॉम्प्युटरच्या खोलीत बसायच्या. फिर्यादी ऑनलाइन चढवणं, चारित्र्य पडताळणीचे अर्ज पुढं पाठवणं, वरच्या कार्यालयाला लागणारी माहिती भरणं, सगळं त्यांच्याकडं. माहेर केंदूरचं, म्हणून सगळं ठाणं त्यांना केंदूरच्या ताई म्हणायचं. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, तरी मीही ताईच म्हणायचो, आणि त्या मला काका.

मी मूळचा चंद्रपूरकडचा. दहावीनंतर शाळा सुटली. पुढं भरतीत उंची आणि छाती बसली आणि पुणे ग्रामीणला शिपाई म्हणून लागलो. गाव जे सुटलं ते सुटलंच. दौंड, शिरूर, पुन्हा दौंड, पुन्हा शिरूर असं करत सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. इकडं मला सगळे नागपूरकर म्हणायचे. आमच्या गावाहून नागपूर किती लांब हे मी सुरुवातीला समजावून सांगत असे, नंतर सोडून दिलं. घाबरलो की माझ्या तोंडून आमच्याकडचं 'बाप्पा' निघायचं, त्यावर ठाण्यातली पोरं हसायची.

आणि ठाण्यात कॉम्प्युटर आल्यापासून मी बराच घाबरायचो. दंगलीत उभं राहणं जमायचं, पंचनामा डोळे मिटून लिहू शकायचो, पण त्या खोलीच्या दारात पाय अडायचा. कळ चुकून दाबली आणि कुणाचा गुन्हाच पुसला गेला तर, अशी धास्ती. ताई आतून म्हणायच्या, "या काका आत. चावत न्हाई ते." मग स्वतःची खुर्ची मला द्यायच्या आणि आपण स्टुलावर बसायच्या. एवढ्यातेवढ्या गोष्टी त्यांनी मला तीनतीनदा शिकवल्या आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. शिकलेल्या माणसापुढं मला लहानपणापासून अवघडल्यासारखं होतं. त्यांच्यापुढं झालं नाही.

आता ते प्रकरण. इतकी वर्षं झाली, तरी दुधाच्या डेअरीसमोरून गेलो की पाय आपोआप मंदावतात.

उसाचा हंगाम चालू होता. मांडवगण फराट्याच्या रस्त्यावरच्या एका गावात आठवड्याचा बाजार असतो. बाजार उरकून एक भाजीवाली मावशी रिकामी पाटी घेऊन दिवस मावळताना घराकडं पायी निघाली होती. गाव मागं पडल्यावर पाठीमागून आलेल्या वाहनानं तिला उडवलं आणि न थांबता निघून गेलं. खुब्याचं हाड मोडलं, पण जीव वाचला. जागेवर मला दिव्याच्या काचेचे तुकडे मिळाले. दवाखान्यात तिनं एवढंच सांगितलं, "मोठं वाहन व्हतं साहेब. काच फुटल्याचा आवाज आला, मंग काय बी कळलं न्हाई."

गुन्हा दाखल झाला, तपास माझ्याकडं आला. दोन दिवस काहीच हाती लागेना. तिसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहावाल्यानं कानावर घातलं की एका डोळ्याचा ट्रॅक्टर इकडून ये-जा करतोय. एका डोळ्याचा म्हणजे पुढचा एकच दिवा असलेला. बाजाराच्या गावात रस्त्याला लागून दूध संकलन केंद्र आहे, गावातले लोक त्याला डेअरीच म्हणतात, आणि तिथं कॅमेरा होता. माझा हवालदार त्याच दुपारी डेअरीत गेला, दोन पंच घेतले, कॉम्प्युटरवरची तारीख-वेळ आपल्या मोबाइलशी ताडून पाहिली, ती चार-सहा मिनिटं इकडंतिकडं सोडता बरोबर होती. तसं पंचनाम्यात लिहिलं आणि बाजाराच्या तारखेचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेऊन आला.

ताईंच्या खोलीत आम्ही ते लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात बाजाराच्या दिवसाची तारीख. अंधारून आलेलं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर समोरून जातो, डावा दिवा फुटलेला. नंबरसुद्धा वाचता आला. मोठे साहेब, म्हणजे आमचे पोलीस निरीक्षक, मागं उभे होते. म्हणाले, "झालं की नागपूरकर! उद्या उचला."

ट्रॅक्टर एका बागायतदाराचा निघाला. त्यानं पहिल्या वाक्यातच अंग काढून घेतलं, "ड्रायव्हर माझा न्हाई साहेब, हंगामापुरता घेतलाय. त्याचं तो जाणं." ड्रायव्हर होता भांडगावचा एक पंचविशीतला मुलगा.

त्याला समोर बसवलं. आरोपी पहिल्यांदा समोर येतो तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडं कमी बघतो आणि हातांकडं जास्त. ह्याचे हात गुडघ्यावर सरळ होते.

"दिवा कधी फुटला?"

"बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, साहेब. कारखान्याच्या गव्हाणीपाशी ऊस टाकायला लाईन लागलीवती. म्होरल्यानं ट्रॉली मागं घेतली, ती दिव्यावर आली."

"त्या पुढच्याचं नाव?"

"बीडकडचा होता कुणीतरी. तिथं शेकड्यानं गाड्या असत्यात, नाव कोण इचारतंय?"

"आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी कुठं होतास?"

"घरी. ट्रॅक्टरला पाळी नव्हती. आईला इचारा."

"आई तर हो म्हणणारच."

तो हळूच म्हणाला, "मंग आता मी कुणाला इचारा म्हणू, साहेब?"

मी त्याला रेकॉर्डिंग दाखवलं. त्यानं ते दोनदा पाहिलं. "ट्रॅक्टर माझाच हाय," म्हणाला, "मीच बसलोय त्याच्यावर. पर हे त्या दिवशीचं न्हाई." कॅमेऱ्यावर तारीख आहे म्हटल्यावर त्यानं तारखेकडं असं पाहिलं, जसं ओळखीचंच कुणी समोर उभं राहून खोटं बोलतंय.

त्याला नोटीस देऊन रोज हजेरीला बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आई आली. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभी राहून तिनं "जय भीम साहेब" म्हटलं आणि पिशवीतून एक लिफाफा काढला. मुलाला सरकारी गाडीवर चालकाची नोकरी लागली होती. निवड झालेली, वैद्यकीय झालेलं, फक्त पोलीस पडताळणी बाकी. ती आली नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार.

"आमच्या घरात मस्टरवर सही करणारं अजून कुणी झालं न्हाई," ती म्हणाली. "म्या लोकाच्या रानात खुरपलं, ह्याच्या बापानं लोकाची गाडी हाकली. हे एक पोरगं म्हटलं सावलीत बसंल. तुम्ही खरं काय ते शोधा. केलं आसंल तर टाका आत, म्या रडत येणार न्हाई. पर न केल्यालं नका लावू."

अशा बायांना धीर द्यायचं आमच्या खात्यात कुणी शिकवत नाही. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "आई, आठ-दहा दिवस द्या." दोषारोपपत्रात त्या पोराचं नाव गेलं की पडताळणीचा शेरा काय येणार, हे मला ठाऊक होतं. तो शेरा एकदा लागला की पुढं निर्दोष सुटलं तरी नोकरी थांबून राहत नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्या गावात गेलो. साक्षीदार शोधायला, दुसरं काही मनात नव्हतं. दिवस मावळायच्या सुमारास डेअरीसमोर उभा राहिलो तर रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नाही. बाया, पोरं, सायकली, डोक्यावर पाट्या, हातात पिशव्या, पिशव्यांतून बाहेर डोकावणारी मेथी. एक टेम्पो त्या गर्दीतून हॉर्न वाजवत मुंगीच्या पावलानं चालला होता आणि एक म्हातारी त्याच्या बॉनेटवर हात आपटून म्हणत होती, "थांब की मुडद्या, अंगावर घालतूस व्हय!"

त्या रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक्टर सरळ निघून गेला होता. रस्ता मोकळा होता.

ठाण्यात येऊन ताईंना म्हटलं, लावा परत. आम्ही ते पुन:पुन्हा पाहिलं. कॅन घेऊन डेअरीत येणारी माणसं दिसत होती, एक कुत्रं दिसत होतं. बाजारची पिशवी एकाही हातात नव्हती.

"बाप्पा," मी म्हणालो. "ताई, हा बाजाराचा दिवसच नाही."

मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस चांगला होता, पण साहेबाला कागद लागतो. "कोर्टात काय सांगणार? पिशव्या दिसल्या नाहीत म्हणून? घड्याळ बरोबर होतं असं आपल्याच पंचनाम्यात लिहिलंय. घड्याळ चुकलं कसं ते दाखवा, मग मी तुमच्या बाजूनं."

ताईंना विचारलं, कॉम्प्युटरची तारीख चुकते कशी? त्या म्हणाल्या, "काका, इंटरनेट असलं की कॉम्प्युटर आपली वेळ आपणच तिकडून घेतो. डेअरीत नेट हाय ना? मग चुकायला न्हाई पाहिजे. आन् चार-सहा मिनिटं फरक होता म्हणता, तोच मला खटकतो. घेत असता तर एक सेकंदाचाबी फरक नसता. तुम्ही तिथं जा आणि घड्याळ नेटवरून मिळवून बघा. अडलं तर फोन करा."

"उद्या रविवार. तुमची सुट्टी."

"सुट्टी माझी हाय, फोनची न्हाई."

रविवारी दुपारी हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन मी डेअरीत गेलो. डेअरी सांभाळणारा मॅनेजर चाळिशीतला, बोलका, गावातल्या चेअरमनचा भाचा. एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावरच सगळं चालायचं: दुधाचं माप, फॅट, पावती, शिवाय कॅमेरासुद्धा. त्यानं चहा मागवला, कॅमेऱ्याबद्दल भरभरून बोलला, कुणाची कोंबडी चोरणारा त्यात कसा सापडला तेही सांगितलं. मी खुर्चीत बसलो, चष्मा लावला, फोन कानाला लावला आणि उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली. तो बोलायचा थांबला.

हे मी मनात टिपून ठेवलं. ज्याला कॅमेऱ्याची भीती असते तो कॅमेऱ्याचा विषय टाळतो. ह्याला कॅमेऱ्याची काहीच भीती नव्हती.

ताई पलीकडून सांगत होत्या, मी इकडं करत होतो. तारीख-वेळेची खिडकी उघडली. इंटरनेटची वेळ घेण्याचं बटण दाबलं. थोडा वेळ काही नाही, मग इंग्रजीत चूक झाल्याचं वाक्य आलं. मी एकेक अक्षर वाचून दाखवलं.

"पुन्हा दाबा."

पुन्हा तेच.

"नेट चालू हाय का बघा. कुठलीबी बातम्यांची साइट उघडा." उघडली. म्हणजे नेट होतं.

"देश कुठला दाखवतोय? भारताचीच वेळ लावलीय ना?" भारताचीच होती.

"ज्या ठिकाणाहून वेळ घेतो ते ठिकाण बदलून बघू. खाली यादी हाय, दुसरं नाव निवडा." निवडलं. बटण दाबलं. तेच वाक्य.

मॅनेजर मागून म्हणाला, "साहेब, त्याचा आतला सेल गेलाय. जुनं मशीन हाय. सोडा की, एवढं काय त्याच्यात?"

हे मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सेल गेला असंल तर वायर काढल्यावर तारीख विसरंल. बंद करा, वायर काढा, चहा प्या, मग चालू करा."

चहा प्यायलो. वायर लावली, कॉम्प्युटर चालू केला. तारीख बरोबर. सेल ठणठणीत होता. मी मॅनेजरकडं पाहिलं. तो फॅट मोजायच्या यंत्रावरची धूळ पुसत होता. त्याच्यावर धूळ नव्हती.

आमच्या धंद्यात माणसाला विचारपूस करताना असंच करतात. तो इथं नव्हता, तिथं नव्हता, आजारी नव्हता, झोपलेला नव्हता, अशी एकेक वाट बंद करत जायची. शेवटी एकच उरते. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं की ताई त्या मशीनची विचारपूसच करतायत, आणि माझी भीती तिथंच बरीचशी गेली.

फोनवर ताईंच्या मागं भांड्यांचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "थांबा काका, मलाबी ठाऊक न्हाई आता. बघून सांगते." मग त्यांचा फोन आला. "कॉम्प्युटरात आत बऱ्याच गोष्टी आपोआप चालू असतात, त्यांची एक यादी असते. मी सांगते तसं उघडा. त्यात वेळ जुळवणारी गोष्ट शोधा. तिच्यासमोर काय लिहिलंय?"

शोधून काढायला वेळ लागला. स्पेलिंग वाचून दाखवलं. डी, आय, एस...

"डिसेबल्ड!" ताई जवळजवळ ओरडल्या. "काका, नीट ऐका. बंद पडणं वेगळं. बंद पडली असती तर तिथं 'थांबली आहे' एवढंच असतं. ही मुद्दाम बंद करून ठेवलीय. पुन्हा कधी आपोआप चालूच होऊ नये अशी. हे कुणाच्या तरी हातचं काम हाय."

मी फोन ठेवला नाही. त्यांनी सांगितलं तसं ते चालू केलं, पंचांना दाखवलं, मग बटण दाबलं. ह्या वेळी चूक आली नाही. घड्याळ काही मिनिटं सरकलं आणि माझ्या मोबाइलशी तंतोतंत जुळलं.

"कुणी बंद केलं होतं?" मी मॅनेजरला विचारलं.

"मला काय म्हाईत साहेब. कंपनीचा माणूस बसवून गेला, तवापासून तसंच आसंल."

"बरं," मी म्हटलं. आणि उठलो नाही.

पोलिसानं बसून राहणं ही फार मोठी गोष्ट आहे. मारहाण करणाऱ्यांना ती कळत नाही. दुपार कलली. मॅनेजर दोनदा म्हणाला, "साहेब, शिरूर लांब हाय, तुम्हाला उशीर व्हईल." मी म्हटलं, "नाही, रविवार आहे. आज तुमचं संकलन कसं चालतं ते बघून जातो." त्याच्या कपाळावर घाम आला. पंखा चालू होता.

संध्याकाळच्या दुधाची माणसं यायला लागली. कॅन, किटल्या, मोटरसायकली. दारात रांग लागली. मॅनेजर कॉम्प्युटरसमोर बसला आणि नुसताच बसला.

रांगेत पहिले एक आबा होते. "आरं चालू कर की. का साहेबांचं दूध आधी घेतूस?"

लोक हसले. मॅनेजर म्हणाला, "थांबा आबा, मशीन गरम होतंय."

"गरम व्हईपर्यंत दूध नासंल. रोज तर तू आधी काय तरी टकटक करतूस आन् झटक्यात चालू व्हतंय."

मी आबांकडं वळलो. "काय टकटक करतात रोज?"

"ते मला आडाण्याला काय कळतंय, साहेब? कोपऱ्यात काय तरी फिरवतंय. सकाळी बी आन् सांच्याला बी. दूध झालं की परत फिरवतंय."

मॅनेजरनं शेवटी पावतीचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर एक लाल चौकट आली आणि प्रोग्राम बंद झाला. पुन्हा उघडला. पुन्हा चौकट. मी फोनवर ताईंना अक्षरं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "त्या प्रोग्रामची मुदत संपलीय. वर्षाचं नूतनीकरण केलेलं न्हाई."

मी मॅनेजरला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, बर्फाच्या टाकीपाशी. आवाज चढवला नाही.

"तारीख मागं घेतली की प्रोग्रामला वाटतं मुदत आहे. बरोबर?"

तो टाकीला टेकला. "दोन-चार दिवसांचा परश्न होता, साहेब. मामा म्हणलं नूतनीकरणाचं बघू पुढल्या बैठकीत. दूध काय बैठकीसाठी थांबतंय? एका पोरानं दाखवलं, तारीख मागं घ्यायची. पर ते नेट परत परत तारीख पुढं ढकलायचं, आन् प्रोग्राम बंद. मंग त्यानंच ते नेटचं बंद करून दिलं. मी दूध घेताना मागं घेतो, झालं की परत आजची तारीख लावतो."

"हातानं?"

"भिंतीवरल्या घड्याळात बघून."

चार-सहा मिनिटांचा फरक तिथून आला होता.

"आणि पावतीवर चुकीची तारीख येते ती?"

"पावतीवर लोक फॅट बघत्यात साहेब. तारीख कोण बघतंय?"

प्रोग्रामची मुदत बाजाराच्या दिवशी संपली होती. त्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी त्यानं तारीख मागं घेऊन नेमकी त्याच शेवटच्या दिवसावर आणली. कॅमेरा त्याच कॉम्प्युटरवर, त्यानंही तीच तारीख छापली, आणि बाजाराच्या संध्याकाळचं खरं रेकॉर्डिंग ह्या नव्या रेकॉर्डिंगनं पुसून टाकलं. एका डोळ्याचा ट्रॅक्टर गेला तो त्या नंतरच्या संध्याकाळी. माझा हवालदार दुपारी गेला, तेव्हा संकलन नव्हतं आणि घड्याळावर आजची तारीख होती.

"पोलीस रेकॉर्डिंग घेऊन गेले तेव्हा तुला कळलं नाही, हे चुकीच्या दिवसाचं असू शकतं?"

"मनात आलंवतं," म्हणाला. "पर म्हटलं, सांगितलं तर प्रोग्रामचं निघंल, चेअरमनचं नाव जाईल, डेअरीला टाळं लागंल. आन् तो ड्रायव्हर कोण, कुठला, मला काय ठाऊक? असंल बी त्यानंच केल्यालं."

मी त्याला त्या मुलाच्या नोकरीचं सांगितलं. आईचं सांगितलं, तिच्याच शब्दांत. तो खाली बसला. म्हणाला, "लिहून घ्या साहेब." आणि मग जबाब देताना कुठंही अडखळला नाही. बाहेर आबा ओरडत होते, "आरं वहीत तरी घे दूध!" त्या संध्याकाळचं दूध वहीत घेतलं गेलं.

पुढं कॉम्प्युटर तज्ज्ञांकडं गेला आणि तारीख वारंवार मागं-पुढं केल्याचं त्यांच्या अहवालातही आलं. पण मोठे साहेब त्याआधीच, जबाब वाचून, मला म्हणाले होते, "पोराची हजेरी बंद करा." काचेचे तुकडे हातात धरून आम्ही नव्यानं सुरुवात केली. ते ट्रॅक्टरच्या दिव्याचे नव्हतेच, हे तेव्हा नीट लक्षात आलं. दौंडच्या बाजूला एका गॅरेजमध्ये नवा दिवा बसवून घेतलेला कांद्याचा टेम्पो मिळाला. त्याच्या चालकानं कबूल करायला फारसा वेळ घेतला नाही. मावशी काठीच्या आधारानं का होईना, पुन्हा बाजारात बसायला लागली.

भांडगावच्या मुलाची पडताळणी वेळेत गेली. रुजू होण्याआधी तो आईला घेऊन ठाण्यात आला. पेढे आणले होते. आई ताईंच्या खोलीच्या दारात जाऊन थांबली, तिलाही आत जायला अवघड वाटत होतं. ताई उठून बाहेर आल्या. आईनं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मुलगा म्हणाला, "आई, सोड की, म्याडमला काम हाय." ती म्हणाली, "आसू दे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. मोठं पाप करणारा माणूस रात्रंदिवस त्याच्याच विचारात असतो, म्हणून कधी ना कधी सापडतो. हा मॅनेजर वाईट माणूस नव्हता. एक बारकी लबाडी झाकून ठेवली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तिच्याखाली एक पोरगं चिरडलं जात होतं, ते त्याच्या घरापासून लांबचं होतं म्हणून त्याला दिसलं नाही. त्यानंतर साक्षीदार खोटं बोलतोय असं वाटलं की, तो कुणाला वाचवतोय हे मी आधी विचारायचं सोडलं. त्याला स्वतःची कुठली छोटी लाज वाटतेय, हे विचारायला लागलो. बहुतेक वेळा दार तिथूनच उघडलं.

आणि दुसरं म्हणजे, मला न कळणाऱ्या गोष्टीपुढं मी लाजणं सोडलं. दहावीचा माणूस असलो तरी फोन कानाला लावून विचारता येतं. पलीकडं विचारू देणारं माणूस हवं. माझं नशीब की ते होतं.

आता मी दौंडला असतो. संध्याकाळी स्टेशनच्या बाजूला फिरायला जातो. शिरूरच्या ठाण्याची आठवण आली की मला तिथली कोठडी किंवा साहेबांची केबिन आठवत नाही. ताईंची ती अरुंद खोली आठवते, कुरकुरणारं स्टूल, आणि तो रविवार. तिनं सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक करता करता एका घाबरट म्हाताऱ्याला एकेक बटण सांगितलं. आधी ताई लिहीत होतो, आता 'तिनं' लिहून गेलो. राहू दे, लेकीसारखीच आहे.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. खात्यांतर्गत फौजदाराची परीक्षा द्यायचं म्हणत होती, पण कचरत होती. पास झाली तर ट्रेनिंगला नाशिकला जावं लागणार, नवऱ्याची ड्युटी पाळीची, आणि घरी दोन लहान मुलं. "काका, जमायचं न्हाई," म्हणाली. मी तेव्हा फोनवर नीट बोलू शकलो नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो, तिच्या वाचनात येईलच. ताई, तुम्ही परीक्षा द्या. तुम्ही नाशिकला जाल त्या दिवशी मी आणि तुमची काकू बिछाना बांधून शिरूरला येऊ, आणि तुम्ही खांद्यावर तारे लावून परत येईपर्यंत तुमच्या पोरांचे डबे, शाळा, दुखणीखुपणी आमच्याकडं. तुमचे उपकार ह्यानं फिटतील असं मी म्हणत नाही. पण सुरुवात तरी करू द्या.